दहाव्या रांगेसाठी

फोंड्याला, वरच्या बाजारात, कुंकळ्येकरांच्या दुकानात
तोच निळा मासा सातव्यांदा माझ्यासमोरून गेला.
खवलं मोजता येतील, असा.
"बघा काका, जिवंत!" सेल्समन पोरगा म्हणाला.
आम्ही बांगडासुद्धा कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेत नाही,
आणि हा बावीस हजारांचा मासा
काचेच्या आतल्या आत फिरतो.

बोटीवरून साईशचा फोन:
"पपा, चवथीच्या आधी घ्या, सूट आहे.
त्या जुन्या डब्यावर चेंडू तरी दिसतो का?"
नाही दिसत. मिंगेल आणि मी
खेळाडू कुठे पळतात त्यावरून चेंडू ठरवतो.
चुकतो. भांडतो.
गोल झाला की पलीकडच्या वाड्यावरच्या
फटाक्यांवरून कळतं.

तसा घेतलाही असता.
(डब्यावर मांजर झोपतं, तो ऊबदार असतो;
सपाट टीव्हीवर ते कुठे झोपणार, हा प्रश्न वेगळा.)
पण छत्तीस वर्षं मी
जत्रेच्या नाटकांना तोंडं रंगवली.
मडकई, कवळे, बोरी, शिरोडा.
माझ्या पेटीतून सुतार राजे होऊन उठले,
खाणीवरचे ड्रायव्हर कण्व मुनी.
गमाने डकवलेली ती दाढी
जवळून बघाल तर बोकडाची.
जवळून बघायचंच नसतं.
कपाळावर ओढलेली तपकिरी रेघ
दहाव्या रांगेपर्यंत जाता जाता
म्हातारपण होते.
अर्धं काम मधला अंधार करतो,
त्याला कधी कुणी नारळ दिला नाही.

दुकानातल्या पडद्यावर
कुठल्याशा मालिकेतली सासू रडत होती.
मला रडणं दिसलंच नाही.
टोपाची कड दिसली,
कानामागे राहून गेलेला रंगाचा डाग,
मान एका रंगाची, गाल दुसऱ्या.
कुणा माझ्यासारख्याची घाई, पहाटेची.
शरम वाटली. त्याची की माझी, कळेना.
"क्लिअर आहे ना काका?"
आहे बाबा. फार आहे.

घरी येऊन प्रेमावतीला सांगितलं.
ती विळीवर खोबरं खवत होती.
"टीव्हीला काय झालंय?
मोतीबिंदू तुमचा पिकलाय.
शिगम्यात बांबोळीच्या डॉक्टरांनी तारीख दिलेली,
तेव्हा म्हणालात, नंतर बघू.
आधी डोळा करा. ह्याच डब्यावर चेंडू दिसेल."

डोळा केला
तर आरशातला मी पहिल्या रांगेतून दिसणार.
आणि ही.
गेली चार-पाच वर्षं हिला मी
चांगल्यापैकी लांबून बघत आलोय, दोन हातांवरून.
हे बोललो नाही मी.
तिला कळलं असावं.
खोबऱ्याचा हात तोंडाला न लावता
मनगटाने केस मागे सारत म्हणाली,
"मी काय नाटकातली आहे? बघा की."

मग टेप काढली, भिंत मोजली.
कॅलेंडर थोडं सरकवलं तर बसेल.
किती इंच, ते मात्र मला वाचता येईना.
तीच आली, चष्मा लावून वाचलं,
आणि कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं,
इंच नाहीत, बांबोळी, मंगळवार.

साईशला कळवलंय: भिंत मोजून झाली.
मिंगेल कुंपणापलीकडून विचारतो,
"फायनल मगे खंय पळोवपाची?"
म्हटलं, ह्याच डब्यावर.
माझ्या एका डोळ्याला पट्टी असेल.
तू सांगशील तिथे चेंडू.
ह्या वेळी भांडणार नाही.

बघू.