छप्पन्न लिटर

ओपाच्या पंपघरामागे सहाशे मिलिमीटरच्या नळाला
रुझारने भोक पाडून ठेवलंय, करंगळीएवढं.
त्यातून मी पितळेची नळी आत सरकवते,
वाकडं तोंड प्रवाहाकडे,
आणि काचेत पाण्याच्या दोन उंच्या वेगळ्या होतात.

मध्यावर सेकंदाला एक मीटर चौऱ्याऐंशी.
नळी थोडी वर : सत्त्याहत्तर.
आणखी वर : सदुसष्ट. मग एक्कावन्न.
भिंतीपर्यंत नळी पोचत नाही,
पण तिथला आकडा न मोजता ठाऊक आहे.
तिकडे पणजी तहानलेली असो,
इथे पंप थरथरत असो,
लोखंडाला टेकलेला तो थर
शून्य.

गेल्या वर्षीच्या वहीत माझ्या आधीच्या साहेबांनी
हेच चार आकडे मिळवून चारने भागलेत.
स्वच्छ अक्षर. खाली लाल रेघ.
निघालेलं पाणी आणि टाकीत पोचलेलं पाणी,
दोहोंत सेकंदाला छप्पन्न लिटरांची तूट,
आणि समासात एकच शब्द : चोरी.

मग सोयरूच्या कुळागरात तीन ठिकाणी खणलं.
माडींची मुळं तुटली, केळी आडव्या झाल्या.
तो बांधावर उभा राहून म्हणाला होता म्हणे,
माझं पाणी झरीचं हो, आजोबांच्या वेळचं.
ते कुणी लिहून घेतलं नाही.

मी कागदावर नळाचा काप काढते,
एकात एक चार वर्तुळं.
रुझार खांद्यावरून बघतो, हातात अर्धी पोई.
मधलं पाणी सुसाट, पण जागा केवढीशी!
एक, तीन, पाच, सात : कडी बाहेर बाहेर रुंदावतात.
सगळ्यांत हळू जाणारं पाणी
सगळ्यांत जास्त.

तो चावायचा थांबतो.
"आमच्या फेस्ताची मिरवणूक बघ.
बँड मधून पुढे पळतो.
पण माणसं मोजशील तर सगळी कडेला,
मेणबत्त्या सांभाळत, पाय ओढत."

ज्याचं त्याला वजन दिलं तर सरासरी येते दीड मीटर.
टाकीच्या मीटरशी जुळते,
तीन-चार लिटर सोडून. ती गळती खरी,
आणि कुठल्या सांध्यातून, ते रुझारला ठाऊक आहे.

तो भोकाला बूच मारतो,
पान्याचं टोक नळाला, दांडा कानाला लावतो.
"चालतंय."

लाल पेन नाही माझ्याकडे.
समासातला शब्द मी निळ्याने खोडते.
सोयरूला कळवण्याचा रकाना वहीत नाही.

संध्याकाळी कुळागराशी स्कूटर थांबवते.
तिन्ही खड्डे अजून तसेच.
एकात अळू उगवलंय.