चार विरुद्ध दोन

सोहारच्या मैदानावर एका टोकाला खांब चार.
मधल्या दोघांतून चेंडू गेला तर सहा गुण,
कडेच्या फटीतून गेला तर एक.
म्हणजे नेम चुकला, पण थोडक्यात चुकला,
तर हा खेळ हातावर काहीतरी ठेवतो.
ऑस्ट्रेलियातून आलेल्या या लांबोळक्या खेळातलं
मला आधी आवडलं ते एवढंच.

हॅलिगन साहेब म्हणाले होते, तू हिशेबनीस,
तुला सहा आणि एक मोजता येतात, झेंडे धर.
तेव्हापासून सात हिवाळे
दर शुक्रवारी संध्याकाळी मी खांबांच्या मागे.
गोलाला दोन झेंडे, चुकल्याला एक.
खांब म्हणजे स्मेल्टरच्या भंगारातले परांचीचे पाइप,
त्यांना जुन्या गाद्यांचा फोम बांधलेला,
कारण खलफान धावतो तेव्हा चेंडूकडे बघतो,
खांबाकडे नाही.

आम्ही जिंकत नव्हतो, हे खरं आहे.
शेवटचा निकाल माझ्याच अक्षरात आहे:
ते एकवीस, नऊ, एकशे पस्तीस.
आम्ही तीन, अकरा, एकोणतीस.
अकरा वेळा थोडक्यात.
एकच झेंडा इतका हलवला की खांदा धरला,
आणि इस्पितळातली पाळी संपवून
पोरांचे घोटे बांधायला येणाऱ्या मारिसेलने
उरलेली पट्टी मला लावली.

बैठक दुबईत, हॉटेलच्या तळमजल्यावर.
इतिवृत्त लिहायला मी.
विषय एकच: लीगचे सहा संघ चार करावेत का.
मुद्दे खोटे नव्हते.
विमा महाग, बसभाडं महाग,
दोहाची मंडळी विमानाने येणार आणि समोर
कशीबशी अकरा माणसं,
त्यातला एक मासळीच्या ट्रकचा ड्रायव्हर.
शंभर गुणांनी जिंकण्यात जिंकणाऱ्यालाही चव नाही.
पडद्यावर आकडे सरकत होते,
मी मनात म्हटलं, नाकापेक्षा मोती जड.
याच किनाऱ्यावर म्हण सुचावी म्हणजे काय,
इथे तर मोत्यासाठी नाकाला चिमटा लावून
बुडी मारत माणसं.

असल्या बैठका मला नव्या नाहीत.
तेल उतरलं त्या वर्षी यादी मीच टाइप केली होती.
चौतीस नावं. सहा आमच्या गुहागरकडची.
त्यातल्या एकाने, दिनानाथ भुवडने,
जाताना मला त्याचा कुकर दिला,
अजून त्याच शिट्टीवर माझा भात होतो.
कुऱ्हाडीचा दांडा, बाकी काय.

हॅलिगन साहेब उठले.
वाटलं, परंपरा वगैरे काढतील.
म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळी
आमच्या पोरांनी कुठे जायचं तेवढं सांगा.
आणि बसले.
रास अल खैमाचा माणूस पाण्याची बाटली
उघडत होता, बंद करत होता.

हात वर झाले.
चार विरुद्ध दोन.
राहणारे चार, जाणारे दोन.
एवढं मोजायला हिशेबनीस लागत नाही.

अध्यक्ष वाकून म्हणाले, सर्वानुमते लिहा,
कागदावर बरं दिसतं.
मी लिहिलं. शब्द खरंच बरा दिसत होता.
मग खोडला.
चार विरुद्ध दोन असं लिहिलं, खाली सहा नावं,
सोहार सगळ्यात आधी.
कुणी वाचलं नाही. सह्या झाल्या.

रात्री हत्ताच्या चौकीवर पोलिसाने डिकी उघडायला लावली.
हे झेंडे कुठल्या देशाचे?
माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं,
देशाचे नाहीत. दोन म्हणजे बरोबर गेला,
एक म्हणजे चुकला.
चुकल्याला झेंडा कशाला?
म्हटलं, त्याचा एक गुण मिळतो.
तो हसला, आतल्या जोडीदाराला हाक मारली,
मला पुन्हा सांगायला लावलं.
मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.
शब्द संपले तेव्हा मी एक झेंडा काढून
चौकीच्या पिवळ्या दिव्याखाली
नियमाप्रमाणे हलवून दाखवला.

शेजारच्या सीटवरून, डोळे न उघडता,
हॅलिगन साहेब म्हणाले,
लिहून घे.