बीच्या जागी

क्रेम्सहून सुटलेली बस डॅन्यूबच्या कडेकडेने जाते.
चौथ्या थांब्यावर, चर्चच्या मागे,
वालबुर्गा झेहेटनरचं स्वयंपाकघर.
चपला दाराबाहेर काढायच्या
हे मला सांगावं लागलं नाही.
एवढ्या एका गुणावर ती माझ्याकडे बघून हसली.

आम्ही चौघं. ग्दान्स्कची दंतवैद्य बोगुमिला,
पोर्तोचे दोन भाऊ, ज्यांचं चमच्यावरूनही वाजतं,
आणि मी.
पन्नाशीत पहिल्यांदा मला कुणी
ओट्याजवळ शिकायला उभं केलं होतं.
आजवर सगळे धरूनच चालले होते,
हिला येतंच.

आधी नियम: ‘आप्रिकोझे’ म्हणायचं नाही.
ते पलीकडे, जर्मनीत. इथे मारिल.
मी मनातल्या मनात जर्दाळू म्हणाले
आणि गप्प बसले.

टॉप्फेन म्हणजे आपला चक्का, जरा रवाळ.
त्यात लोणी, अंडं, रवा, मैदा, चिमूटभर मीठ.
मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं.
माझे हात ऐकेनात.
त्यांना कणीक तिंबायची सवय,
मनगट आपोआप जोर लावतं.
‘लांगझाम,’ ती म्हणाली,
आणि पिठाचा हात माझ्या हातावर ठेवला.
सावकाश.
पीठ काही रुसलेलं नाही, तू का समजूत काढतेस?

मग सासूची वही आली.
काळ्या कापडाची बांधणी, कडांना तुपकट डाग,
आत हात न उचलता लिहिलेली जुनी जर्मन अक्षरं,
वाऱ्याने एकाच बाजूला झोपवलेल्या गवतासारखी.
वालबुर्गाला ती वाचता येत नाहीत. मुलांना तर नाहीतच.
पोस्टमास्तरांनी एकदा सगळी उलगडून दिली,
एक शब्द सोडून.
‘चाळीस वर्षं हे करते आहे
त्या एका शब्दाशिवाय.
वाटायचं, मला कळू नये म्हणूनच असं लिहिलंय.’

मी तिला सांगितलं,
आमच्याकडेही एक अशी लिपी होती, मोडी.
घरातल्या पत्र्याच्या डब्यात तिच्यातला एक कागद आहे.
कुणालाच वाचता येत नाही.
जमिनीचा असेल, या आशेवर जपलाय.
कर्जाचाही असेल, बोगुमिला म्हणाली.
वालबुर्गा इतकी हसली की चष्मा पिठात पडला.

जर्दाळू अर्धवट चिरायचा, बी काढायची,
बीच्या जागी साखरेचा एक खडा.
मिटवायचा.
वरून पिठाची पारी, भेग न ठेवता.
मोदक हा शब्द जिभेवर आला होता,
मी तो परतवला. त्यांचं त्यांना असू दे.

तिचा नवरा द्राक्षमळ्यातून आला,
लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात बोट घालून
काहीच न घडल्यासारखा गेला.
तीही काहीच न पाहिल्यासारखी ढवळत राहिली.

पाण्यात सोडले की आधी तळाला जातात.
वर यायला लागले की मोजू नका, ती म्हणाली,
येतील ते.
तेव्हा मला ओट्यावर तो खडा दिसला.
माझा. एका गोळ्यात घालायचा राहिलेला.
कोणत्या, ते आता कसं कळणार?
सगळे एकसारखे पांढरे, गिरक्या घेत होते.
मी खडा तोंडात टाकला आणि पुरावा विरघळू दिला.

पोर्तोच्या भावांचे गोड निघाले. बोगुमिलाचा गोड.
माझाही.
वालबुर्गाने काटा घातला, एक घास घेतला,
तिचा डावा डोळा बारीक झाला.
मी कबूल करायला तोंड उघडलं.
तिने दुसरा घास घेतला. तिसरा.
‘त्यांचे असेच असायचे,’ ती म्हणाली.
‘आंबट. मी विसरलेच होते.’

मग ताटली सरकवून तिने वही ओढली,
तो शब्द शोधला, पेन्सिल हातात घेतली,
आणि टोक कागदाला लागणार
इतक्यात दारातून नवऱ्याने विचारलं,
उरलेत का अजून?