लोखंडाची लोकर

आईची घासणी पेटलीच नाही.
स्टेनलेसची ती, डाग पडत नाही तिला, आगीचाही.
मग हबीबभाईंच्या दुकानातून,
जिथं कपाटांचं पॉलिश मिळतं,
झिरो नंबरची लोखंडी लोकर आणली.
हातात घेतली तर म्हातारीच्या केसांसारखी,
नाकाशी नेली तर बाबांच्या जुन्या शर्टासारखी.

खडीची खदान, जालन्याबाहेर, कारखान्यांच्या पाठीमागं.
गवत नाही, कडबा नाही, पेटेल असं काही नाही.
तळाला गुडघाभर पाणी, तेही मार्चपर्यंतच.
अवसेला दोन दिवस बाकी.
मी दोन पोती भिजवून ठेवली.
स्टँडचा एक पाय आखूड, त्याखाली कपची.
अंडी फेटायच्या जाळीत लोकर कोंबली,
जाळीला मोत्याची साखळी.
मोत्या गेल्यापासून ती खुंटीलाच होती.

"आण इकडं, माय," बाबा म्हणाले,
"तुला नाही जमायचं. मनगट ढिलं लागतं."

एकतीस वर्षं रोलिंग मिलमधे
लाल सळई सांडशीत धरून वळवणारं मनगट.
"तिथं ठिणगी आली की झटकायची.
फिरव जरा, बघू दे कशी दिसते,
असं काही कुणी म्हटलं नाही कधी."
भट्टीवरचेच बूट घातले त्यांनी,
वर माझं स्कूटीचं हेल्मेट, गुलाबी फुलपाखराचं.
मी हसले तर काच खाली ओढली.

चौकोनी सेल लोकरीला टेकवला.
ज्वाळ नाही उठत तिच्यात.
धाग्याधाग्यानं आग चालत जाते,
रांगेतल्या मुंग्यांसारखी.
मी शटर उघडलं
आणि बाबा फिरवायला लागले.

काय सांगू.
आधी आवाज आला, मोठं कापड फाडल्यासारखा,
मग खदानीची भिंत उजळली, तिच्यातल्या सुरुंगाच्या नळ्या दिसल्या,
एक घुबड वैतागून उठलं,
वरून लिंबाजी वॉचमननं बॅटरी मारली,
"ए, काय जाळायलेत रे तिथं?"
त्याची पांढरी रेघ फोटोत आलीय, डाव्या कोपऱ्यात.
मी ती काढली नाही.

तीस सेकंद.
मग कॅमेऱ्याचे आणखी तीस, विचार करायला.

स्क्रीनवर आगीचं एक चाक.
पाण्यात दुसरं, जरा सुरकुतलेलं.
भिंतीवर आपटून परत आलेल्या ठिणग्या.
माणूस नाही.
हलतं ते पुसलं जातं, एवढाच नियम आहे याचा.
फक्त जिथं पाय रोवले होते
तिथं दोन बूट, लेससकट,
डाव्याच्या टोकाला चामडं जाऊन आतलं पोलाद दिसतंय.

"मी कुठंय?"
मी सांगायला लागले, अंधार, वेग, काच किती उघडी...
ते ऐकत नव्हते.
बोटांनी फोटो मोठा करून
बुटांकडेच बघत होते.
"टाके उसवलेत की," म्हणाले.
मग म्हणाले, "लोकर हाय का आजून?"

दुसऱ्यांदा हेल्मेट मी घातलं.
बाबांना बटन दाखवलं. दाबलं की उघडं, परत दाबलं की बंद,
मोजा तिसापर्यंत.

मी फिरवत होते.
हेल्मेटवर ठिणग्या पडत होत्या
पत्र्यावर जोंधळा ओतावा तशा,
आणि त्या आवाजापलीकडून बाबांचं मोजणं,
लाभ, दोन, तीन, चार,
त्यांची आई पायलीनं मोजायची तसं.
एक म्हणायचं नसतं पहिल्याला.

लोकर विझली. साखळी थांबली.
मनगट दुखत होतं, बाहीला तीन भोकं.
वर लिंबाजी विडी पेटवून कठड्यावर बसला होता, काही न बोलता.
बाबांचं चालूच होतं,
एकूणसाठ, साठ, एकसष्ट,
आणि मीही त्यांना सांगितलं नाही.

त्या फोटोत
तारे थोडे सरकलेत.