विशेषणापुढची जागा

स्वेलडेलमध्ये, दोन कुरणांच्या मधोमध
चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत.
पलीकडे एनिड मेटकाफ, अलीकडे विल्फ अ‍ॅल्डरसन.
भिंत कुणाची, हा वाद
दोघांच्या बापांपासूनचा.

वकिलाच्या पत्रात त्याला शब्द होता :
लाँगस्टँडिंग.
जुना म्हणावं तर जुनी बादलीही असते,
जुनाट म्हणावं तर खोकला.
हा नुसता जुना नव्हे,
हा अजून उभा आहे,
वाऱ्यात, मेंढ्या अंग घासतात तरी.
आपण नाही का म्हणत, उभा जन्म गेला?
जन्मालाही पाय असतात, एवढंच त्यातलं व्याकरण.

फेब्रुवारीत भिंतीला खिंडार पडलं.
दगड कुणीच उचलले नाहीत.
लोकरीवरचा लाल ठिपका बघून
विल्फ रोज संध्याकाळी तिच्या मेंढ्या हाकून द्यायचा,
निळा बघून ती त्याच्या.
बोलणं नाही. शिट्टी, तीही कुत्र्याला.

एप्रिलात एनिड गेली.
फुलांच्या दुकानात विल्फनं कार्ड मागितलं,
ठसठशीत लिहिलं : तुझा लाँगस्टँडिंग
आणि थांबला.
शेजारी? तो तर नकाशावरही असतो.
मित्र? ती हसली असती.
वैरी लिहायला हात धजेना.
मागं रांग खोळंबलेली.

पुढची जागा कोरी ठेवून
त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी बघावं तर
म्हातारा खिंडारापाशी,
एकेक दगड फिरवून बघत
कोणता कुठं बसतो.
दोन्ही बाजूंनी.