आठ विड्यांचा वेळ

आज तेविसावा दिवस.
कुणी विचारलं तर मी एकवीस सांगतो.
दोन हाताशी ठेवतो,
पूर्वी कानामागं एक ठेवायचो तसे.

विडी घरकुलात राहून विडी सोडायची म्हणजे...
जाऊ दे.
घर दीड खोलीचं.
पलंगाखाली गोणपाटात ओली पानं,
दारामागं तंबाखूची पिशवी,
आणि उंबऱ्याशी उजेड धरून बसलेली राजमणी.
मांडीवर सूप,
डोळे टीव्हीवर, बोटं आपापली.
पान, चिमूट, वळण, दोरा,
नखानं तोंड मिटवायचं.
दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या,
"घरात नजरेसमोर येऊ देऊ नका."
आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.
हसलो ते बाहेर आल्यावर.

कारखान्यात दिवस निघतो.
माग अंगावर ओरडत असला की
आत कोण ओरडतंय ते ऐकू येत नाही.
वाईट असतात ती लाइट गेलेली दहा मिनिटं.
चोवीस माग एकदम गप्प,
हवेत तरंगणारा बारीक कापूस,
आणि सगळे बाहेर लिंबाखाली.
इरय्या पेटवतो, सवयीनं दुसरी माझ्याकडं धरतो.
"अरे हां, तू साधू झालास की बे."
मी खिशातून कडक भाकरी काढतो,
तीळ लावलेली, परवाची,
सावकाश मोडतो.
दातांना राग काढायला जागा मिळते.
शेठ म्हणाला, दिवाळीनंतर बारा माग भंगारात.
कोणते बारा, ते म्हणाला नाही.
मी सात आणि आठ नंबर चालवतो.
त्या दिवशी दोन भाकऱ्या संपल्या.

खरी तलफ रात्री येते.
छातीत नाही, डोक्यात नाही,
ही दोन बोटं जागी होतात.
पहिल्या आठवड्यात पाणी प्यालो, बोळात फेऱ्या मारल्या,
पोरावर ओरडलो,
मग त्याची समजूत काढायला शेंगा आणल्या,
त्याही मीच फोडल्या, मीच खाल्ल्या.

एका रात्री राजमणीला म्हटलं,
एक दे. एकच.
सुपात चारशे आहेत, कुणाला कळणार?
ती नाही म्हणाली नाही.
"थांब," म्हणाली, "हातातल्या एवढ्या वळते, मग माग."
पहिली. दुसरी.
मी तिच्या नखाकडं बघत बसलो.
सहावीला घशात काटा होता.
सातवीला तिलाच खोकला आला,
पदरात तोंड घालून, आवाज दाबून,
शेजारच्या भिंतीपलीकडं कुणी उठू नये असा.
आठवीचा दोरा तिनं तोडला
तोवर मी जे मागत होतो ते
सिद्धेश्वर तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या
माणसासारखं झालं होतं.
दिसत होतं,
हाक पोचत नव्हती.

तेव्हापासून आमचं हेच माप.
साध्या रात्री आठ.
हप्त्याची तारीख जवळ आली की बारा.
भंगाराची बातमी आली त्या रात्री
एकोणीस मोजल्या, आणि तरी झोप नाही.
माझी एक टळते
आणि जगात आठ वाढतात,
हा हिशोब मी तिला बोलून दाखवला नाही.
तिला येतो.
शाळा चौथीत सुटली,
पण गणितात ती कधी चुकली नव्हती.

आज तिचा गुडघा सुजलाय,
म्हणून हजाराची पाटी मीच सायकलला बांधून
ब्रँचला नेली.
सगळा रस्ता वास पाठीला चिकटून.
चेकरनं मुठीमुठीनं उचलल्या, दाबून पाहिल्या,
चाळीसेक बाजूला फेकल्या,
तोंड नीट मिटलं नाही म्हणून.
मग माझ्याकडं बघून म्हणाला,
"घे की त्यातली एक, वायाच गेल्यात."
हात पुढं गेला.
खरं सांगतो, गेला.
बोटांनी एक उचलली, दुसरी उचलली,
मी मनात मोजत राहिलो,
आणि आठ झाल्यावर
त्या त्याच्या टेबलावर ओळीनं लावल्या.
"मिटलंय की तोंड," म्हटलं,
"ह्या धरा हजारात."

त्यानं पाच धरल्या.