उतरता क्रम

डाक देताना नाकात धूर जातो,
तेव्हाच माझं मत खरं असतं.
बाकी वेळी मीही चारचौघांसारखा बोलतो.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, तळमजला, गाळा नंबर चार.
एकतीस वर्षं 'गंज'चे अ‍ॅम्प्लिफायर
याच टेबलावर पोट उघडं टाकून पडलेत.
मग त्यांच्या सात अल्बमांचा क्रम
मी नाही लावायचा तर कुणी?

पहिला, तिसरी पाळी.
यात वाद नाही.
रबाळ्याच्या बंद पडलेल्या रंगकारखान्यात
शुक्रवारी, म्हणजे एमआयडीसीत वीज नसायची त्या वारी,
भाड्याच्या जनरेटरवर केलेला.
विल्फीच्या स्पीकरचा कागद फाटला.
मी डिंक लावून कॅलेंडरचं पान चिकटवलं,
एकादशीचा चौकोन नेमका मधोमध.
दुसऱ्या गाण्यात गिटार घसा बसल्यासारखी खरखरते ना,
ती माझी एकादशी.
लोक तिला शैली म्हणतात.

दुसरा, क्लोरीन.
हिराजी मढवी तेव्हा खरंच ओरडायचा,
मिठागरावर त्याचा बाप पलीकडच्या बांधाला हाक मारायचा तसा,
वारा ओलांडून.
घणसोलीत त्याच्या आईला वाटलं, पोराला काहीतरी लागलंय.
तिनं मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या.
शेवटच्या गाण्याआधी जो तडतडाट आहे तो तोच.
टेपरेकॉर्डर चालू राहिला होता.

तिसऱ्याला हात अडतो.
खाडीपूल की धूळपाटी?
खाडीपूलमध्ये उन्नीकृष्णन
नऊ मिनिटं दोन्ही पायांनी ड्रम वाजवतो,
सकाळी शाळेत लसावि-मसावि शिकवून आलेला माणूस.
डावा कान त्यानं याच अल्बमवर खर्च केला.
उजवा पुढच्या दोनांवर.
आवाज आणखी वाढव, असं तो म्हणायचा
आणि मी वाढवून द्यायचो.
तर खाडीपूल तिसरा. धूळपाटी चौथा.
उद्या विचाराल तर उलट सांगेन.

पाचवा, जांभळं.
त्यात बासरी आहे.
पुढे जाऊ.

सहावा…
बघा, नावच आठवत नाही.
सहाव्याचं सगळं यातच आलं.

आणि तळाला पोलाद.
अकरा वर्षांनी परतल्यावर केलेला.
बेलापूरला काचेची खोली, थंड हवा, लॅपटॉप,
प्रत्येक ठोका इस्त्री केलेला.
एक फ्यूज उडाला नाही.
त्या अख्ख्या वर्षात 'गंज'चं काहीही गाळ्यात आलं नाही,
मी लोकांचे चटणीचे मिक्सर दुरुस्त करत बसलो.

हा क्रम बिलाच्या पाठीवर लिहून
व्होल्टमीटरवर टाचला होता.

गेल्या मंगळवारी हिराजी आला,
रिक्षातून जुना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन.
छप्पन्न वर्षं, दोन स्टेंट, दम लागलेला.
स्टुलावर बसला, चष्मा चढवला,
कागद वरून खाली वाचला, मग खालून वर.

"पोलाद शेवटी?"

मी स्क्रू शोधत राहिलो.

"उन्नीला तेवढाच ऐकू येतो," तो म्हणाला.
"कानात मशीन घालून.
बाकीचे सहा लावले की म्हणतो,
कुणीतरी पत्रे ओढतंय.
हा लावला की पाय हलतात त्याचे."

बाहेर पाण्याचा टँकर मागे येत होता,
त्याचं ते पिं पिं पिं.
मी क्रम बदलला नाही.
अल्बम वाईटच आहे.
पण मघापासून हातात असलेला स्क्रूच
मी शोधत होतो, हे लक्षात आलं.

अ‍ॅम्प्लिफायर लावला. दिवा तांबूस झाला.
आणि आली ती, कॅलेंडरच्या पानातून,
तीस वर्षांची जुनी खरखर.

"काढू का?" मी विचारलं.

हिराजी बराच वेळ त्या फाटक्या कागदाकडे पाहत बसला.

"अर्धी काढ," म्हणाला.